हिरवं तेल

मिस्त्री वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाचं बरं असतं, त्याला दोन शिव्या हासडल्या की आपलं मन मोकळं होतं. मिस्त्री कामाचा पक्का होता, बोलायला कमी होता, आणि त्याची अशी पक्की समजूत होती की ज्याचा हात तीस वर्षं चुकला नाही तो एकतिसाव्या वर्षी कशाला चुकेल. तिथंच सगळा घोळ झाला.

तीस वर्षं त्यानं गाड्यांचे एसी दुरुस्त केले. पाइपाला बोट लावलं की आत गॅस किती उरलाय ते सांगायचा, आणि यंत्रानं वेगळं सांगितलं तर यंत्र बिघडलंय म्हणायचा. बहुतेक वेळा यंत्रच बिघडलेलं निघायचं, त्यामुळे त्याला आणखी चढायचं.

त्याची एक खोड होती. काम संपलं, गार वारा सुटला, गिऱ्हाईक खूश झालं, की हा आपल्या डब्यातलं थोडं तेल छोट्या हातपंपात ओढायचा आणि गॅसच्या तोंडातून कॉम्प्रेसरला पाजायचा. कुणी सांगितलेलं नसे, कुणी मागितलेलं नसे. याला तो घास भरवणं म्हणायचा. गळती झाली तर जागा चटकन दिसावी म्हणून त्या तेलात हिरवा रंग मिसळलेला असे. मिस्त्रीच्या हातचा कॉम्प्रेसर दहा वर्षं मरत नाही असं लोक म्हणायचे, आणि मिस्त्रीच्या मते ते त्या घासामुळं. त्याची बायको म्हणायची, दोन्ही पोरी माझ्या हातच्या घासावर वाढल्या, यांचे घास सगळे लोखंडाला.

दोन पोरींतली थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. धाकटी बापाच्या वळणावर गेलेली. लहानपणी बाहुली दिली तर तिचा हात उपटून आत काय आहे ते बघायची. विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या तशी ती हट्टानं त्यांचं काम शिकून आली. येताना जाड रबरी हातमोजे, वेगळी हत्यारं आणि एक पिवळा मीटर घेऊन आली. मिस्त्रीनं हातमोजे बघितले आणि विचारलं, भांडी घासायला का? पण विचारताना मिशीत हसत होता. गल्लीतल्या प्रत्येकाला तो मीटर त्यानं स्वतः नेऊन दाखवला.

धाकटीनं पहिल्याच दिवशी बापाला समोर बसवून सांगितलं होतं. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत नाही, तो मोठ्या बॅटरीच्या विजेवर फिरतो, आणि त्याची मोटर आतल्या तेलातच बुडालेली असते. म्हणून याचं तेल वेगळं, वीज अडवणारं. ही बंद बाटली फक्त या गाड्यांची. तुमचा डबा यांच्या जवळपास आणायचा नाही, बाबा. गॅस भरायचं यंत्रसुद्धा वेगळं ठेवायचं.

मिस्त्रीनं मान हलवली. बायकांनी सांगितलेलं ऐकताना पुरुष हलवतात तशी. मनात म्हणाला, तेल म्हणजे तेल. कंपनीवाल्यांना बाटल्या खपवायच्या असतात, पोरगी भोळी आहे. पण पोरगी नव्यानं शिकून आलेली, तिचा हिरमोड कशाला करा, म्हणून तोंडानं काही बोलला नाही. त्या दिवशी बोलला असता, भांडला असता, तरी बरं झालं असतं. भांडणात निदान गोष्ट उजेडात येते.

पहिली मोठी गाडी आली ती नर्सबाईंची. या बाई घरोघर जाऊन बाळंतिणींना आणि म्हाताऱ्यांना बघायच्या. बोलायला फटकळ, आणि सगळ्या वस्तीत ओळख. त्यांच्या गाडीचा एसी एकदम बंद पडला होता. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, दोन्हीकडे एकच सांगितलेलं, कॉम्प्रेसर गेला, नवीन घाला.

धाकटीनं घाई केली नाही. गाडी बंद केली, बॅटरीचा मुख्य प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला, कुणी चुकून लावू नये म्हणून. मग दहा मिनिटं नुसती थांबली. नर्सबाई म्हणाल्या, अगं, काही करतेस की गाडीची दृष्ट काढतेस? धाकटी म्हणाली, आत साठलेली वीज उतरू द्यावी लागते, नाहीतर तुमच्याकडेच भरती व्हावं लागेल मला. मग तिनं हातमोज्यांत हवा भरून कुठं भोक नाही ना ते बघितलं, ते घातले, मीटर लावून वीज शून्यावर आल्याची खात्री केली आणि मगच नारिंगी केबलच्या कनेक्टरला हात घातला. केबल तपासली, चांगली. कॉम्प्रेसर तपासला, चांगला. वीज जिथून बाहेर पडायला नको तिथून पडत नव्हती, मीटरचा आकडा शेकड्यात, म्हणजे चांगलाच. मग तिनं विजेरी तोंडात धरून कनेक्टरच्या आत बघितलं. बाजूची एक केसाएवढी पिन वाकलेली होती. कनेक्टर नीट बसलाय की नाही ते गाडीला त्या पिनेवरून कळतं. ती लागली नाही की गाडी कॉम्प्रेसरला वीजच देत नाही. धाकटीनं पिन सरळ केली, कनेक्टर टकदिशी बसवला, आणि गार वारा सुरू झाला.

नर्सबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, मिस्त्री, आता तुम्ही खुर्ची टाकून बसा. ही पोरगी तुम्हाला विकून खाईल.

मिस्त्रीचं ऊर भरून आलं. इतकं भरलं की त्याला काहीतरी केल्याशिवाय राहवेना. धाकटी डबा खायला आत गेली, नर्सबाई फोनवर बोलत बाहेर उभ्या होत्या. मिस्त्रीनं हातपंप काढला, आपल्या डब्यातलं हिरवं तेल ओढलं आणि लेकीनं बरा केलेल्या कॉम्प्रेसरला एक घास भरवला. पोरीचं पहिलं मोठं काम, ते दहा वर्षं टिकावं. दाराकडे एकदा बघून घेतलं, म्हणजे आपण चोरून करतोय हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, टिकलं की सांगू तिला.

वीस दिवसांनी गाडी दोरीला बांधून परत आली. एसीचं सोडा, गाडीच चालू होईना. समोर लाल दिवा. एक बाळंतीण अडलेली असताना नर्सबाई रस्त्यात अडकल्या होत्या, मग कुणाच्या तरी मागं बसून पोचल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, म्हणून त्या फक्त रागावलेल्या होत्या.

धाकटीनं पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. प्लग काढला, दहा मिनिटं थांबली, हातमोजे फुगवून बघितले. कॉम्प्रेसरची केबल सोडवली की लाल दिवा जायचा, जोडली की यायचा. कॉम्प्रेसरला मीटर लावला तर आकडा एकाच्याही खाली. आतली वीज लोखंडात झिरपत होती, आणि गाडीला ते कळलं की ती जागची हलत नाही, माणसाला झटका बसू नये म्हणून. मागच्या वेळी शेकड्यात आणि आता हे. धाकटीचा चेहरा पडला. कनेक्टर तिनंच उघडला होता. पाण्याचा थेंब गेला का, केबल कुठं चेमटली का, असं स्वतःशीच बोलत राहिली.

डीलरकडून नवीन कॉम्प्रेसर आला. जुना न उघडता, तोंडं बंद करून परत पाठवायचा अशी त्यांची अट होती, तो तसाच गेला. नवीन तिनं बसवला. गॅस काढणं आणि भरणं मात्र मिस्त्रीकडे, कारण या गाड्यांसाठी वेगळं घेतलेलं यंत्रही त्यानं आपल्याच ताब्यात ठेवलं होतं आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. यंत्राच्या खालच्या बाटलीत गॅसबरोबर आलेलं तेल साठायचं. ते हिरवट होतं. मिस्त्रीनं ते नेहमीसारखं ओतून टाकलं. तीस वर्षं हिरवंच बघत आलेल्या डोळ्याला त्यात काय दिसणार.

आणि या वेळी पोरीवर बालंट नको म्हणून त्यानं दोन घास भरवले.

नऊ दिवसांत गाडी परत.

या मधल्या दिवसांत धाकटी कशी झाली होती ते तिच्या आईला विचारावं. जेवताना मधेच उठून हात धुवायची आणि वहीत काहीतरी लिहायची. एका वहीत तिनं प्रत्येक पायरी लिहून काढली होती, कुठला बोल्ट आधी, कुठलं तोंड किती वेळ उघडं राहिलं, हात कोरडे होते की नाही. आई म्हणाली, अगं, चुलीवरचं दूध उतू गेलं तर दुसऱ्या वेळी लक्ष ठेवायचं, इतकं काय जिवाला लावून घेतेस. धाकटी म्हणाली, लक्ष तर पहिल्या वेळीही होतं, तेच तर कळत नाही. मिस्त्री शेजारी बसून जेवत होता. त्याला वाईट वाटलं. पण आपल्या डब्याशी या गोष्टीचा काही संबंध असेल हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

दुसरा कॉम्प्रेसर खोलून काढला. या वेळी डीलरनं हात वर केले. म्हणाला, माल आमचा चांगला आहे, बसवणाऱ्याचा हात बघा, आम्ही परत घेणार नाही. तो कॉम्प्रेसर मग तोंडं बंद करून फळीवर राहिला. धाकटी म्हणाली, बरंच झालं, आता अट नाही. उद्या सकाळी उघडते आणि आत बघतेच काय आहे ते.

उद्या सकाळी. एवढाच वेळ हवा होता तिला.

त्याच दुपारी नर्सबाई आल्या. बरोबर त्यांच्या ओळखीची दोन माणसं होती, रस्त्यात गाडी ढकलायला धावलेली. बाईंनी आवाज चढवला. दोन वेळा रस्त्यात अडकले, माझी माणसं माझी वाट बघत असतात, हा काय पोरखेळ लावलाय. चार लोक जमले. धाकटी हातात वही घेऊन उभी होती आणि बापाकडे बघत होती. काही मोठं नको होतं तिला. बापानं एवढंच म्हणायचं होतं की पोरीनं काम नीट केलंय, मी उभा होतो.

मिस्त्रीला चार लोकांसमोर आपलं तीस वर्षांचं नाव दिसत होतं. तो म्हणाला, "तिचा हात अजून बसायचाय, बाई. मी सांगत होतो तिला. यापुढं मी स्वतः बघतो."

धाकटीनं हातमोजे काढून एकावर एक नीट ठेवले, वर वही ठेवली, वहीवर मीटर. घरी गेली. चौथ्या दिवशी थोरल्या बहिणीकडे राहायला गेली आणि महिन्याभरात तिथं एका चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहिली. मिस्त्री बायकोला म्हणाला, राग आहे, उतरेल. बायको म्हणाली, राग असता तर तुमच्या डोक्यात पाना घातला असता तिनं. हा राग नाही.

गाडी तर दुरुस्त करायची होती. तिसरा कॉम्प्रेसर आला आणि मिस्त्रीनं धाकटीची वही उघडली. वाचायला त्याला वेळ लागायचा, अक्षरावर बोट ठेवून वाचायचा. प्लग काढला. दहा मिनिटं थांबला, तीस वर्षांत कधी थांबला नव्हता इतका. हातमोजे त्याला घट्ट झाले. पुढं लिहिलं होतं, जुन्यातलं तेल भांड्यात ओतून मोजायचं, नव्यात तेवढंच राहील असं बघायचं. त्यानं फळीवरचा कॉम्प्रेसर घेतला, तोंडाचं बूच काढलं आणि काचेच्या भांड्यावर उपडा केला.

हिरवं तेल आलं.

मिस्त्रीनं धाकटीची बंद बाटली उजेडात धरली. आतलं तेल पाण्यासारखं स्वच्छ होतं. पुन्हा भांड्याकडे बघितलं. या गाडीत रंगाचं तेल कुणी घातलं, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि उत्तर यायला फार वेळ लागला नाही. तरी माणूस हट्टी. त्यानं मीटर घेतला, धाकटी लावायची तसा त्या नव्याकोऱ्या कॉम्प्रेसरला लावला. आकडा शेकड्यात. दोन वेळा लावला, दोन्ही वेळा शेकड्यात. मग फळीवरच्याला लावला. एकाच्याही खाली. आत नवीकोरी मोटर होती, नऊ दिवस चाललेली, आणि ती त्याच्या दोन घासांत भिजली होती. खुर्ची जवळच होती, पण तो जमिनीवर बसला.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, एक काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "जन्मभर तुमच्या तोंडून शब्द फुटेना म्हणून मी रडले. फुटला तो नेमका त्या दिवशी."

तिसरा कॉम्प्रेसर त्यानं घास न भरवता, पाइप धुऊन, बंद बाटलीतल्या तेलावर बसवला. गाडी धावायला लागली. नर्सबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, शेवटी जुना हात तो जुना हात. मिस्त्रीनं हेही ऐकून घेतलं. घशापर्यंत आलं होतं, पण बाईंना घाई होती, आणि त्याला तेवढं निमित्त पुरलं. याची त्याला नंतर जास्त लाज वाटली. पहिली चूक न कळता झाली होती. ही कळून झाली.

आठ दिवस हे पोटात घेऊन फिरला. मग एसटी पकडून थोरलीच्या गावी, धाकटीकडे गेला.

दुकान काचेचं होतं, चहूकडे आरसे. आत शिरल्या शिरल्या मिस्त्रीला चार बाजूंनी मिस्त्रीच दिसला, आणि एकीकडेही बघवेना. धाकटी एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा ठीक करत होती. बापाला बघून म्हणाली, बसा, आलेच. गिऱ्हाईकाला सांगतात तसं. म्हातारा गेल्यावर मिस्त्रीनं काउंटरच्या अलीकडून सगळं सांगितलं. हातपंप, डबा, दाराकडे बघणं, पहिल्या वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दोन. काही लपवलं नाही. बोलताना समोरच्या फडक्यानं काच पुसत राहिला, स्वच्छच होती ती.

धाकटीनं आदळआपट केली असती तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं. तिनं विचारलं,

"किती गाड्या?"

"काय?"

"विजेवरच्या किती गाड्यांना पाजलंत, बाबा? नर्सबाईंचीच नसणार."

मिस्त्रीनं हा विचारच केला नव्हता. दुःखातसुद्धा स्वतःच्या पलीकडे बघायचं त्याला सुचलं नव्हतं. तो आठवायला लागला. धाकटीनं दुकानाच्या कागदावर लिहून घेतलं. दूधवाल्याची, शाळेच्या बाईंची, त्या दोन भावांची. सात निघाल्या. तिनं कागद त्याच्याकडे सरकवला. म्हणाली, एकेकीला बोलावा, थांबायचं नाही, यांचे दिवे आज ना उद्या लागणार आहेत. पाइप धुवायचे, तेल बदलायचं, आकडा बघायचा. खाली असेल तर कॉम्प्रेसरच बदलायचा. वही तिथंच आहे.

"तू ये ना," मिस्त्री म्हणाला. "चूक तुझी नव्हतीच. तुझा हात…"

"नव्हती हे आत्ता कळलं." तिनं म्हाताऱ्यानं काढून ठेवलेला चष्मा पेटीत घातला. "पण तीन महिने मी हा हात बघत बसले होते, बाबा. आता नारिंगी केबल नुसती डोळ्यांपुढं आली तरी तो मागं सरतो. तुम्ही सांगितलंत म्हणून लगेच पुढं होईल असं नाही. माझ्या हातानं काय केलं आणि काय नाही, यावर मीच विश्वास ठेवेनाशी झालेय. त्यावर तेल बदलून भागत नाही."

मिस्त्रीनं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"नर्सबाईंना सांगितलंत?" तिनं विचारलं.

मिस्त्री खाली बघत राहिला. आरशांतले चारही मिस्त्री खाली बघत राहिले.

"त्यांच्यासमोर बोलला होतात," धाकटी म्हणाली. मग दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ती तिकडे गेली. निघताना तिनं त्याला वाटेसाठी पाण्याची बाटली दिली, झाकण घट्ट आहे ना ते बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री नर्सबाईंच्या दारात उभा राहिला. बाई निघायच्या गडबडीत, एक हात पदरात, एक हात कुलपावर. त्यांना वाटलं गाडीचंच काही काम आहे. मिस्त्री म्हणाला, दोन मिनिटं द्या, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पोरीनं तुमची गाडी पहिल्याच दिवशी बरी केली होती, ती दोन्ही वेळा मी बिघडवली. तिनं नको म्हणून सांगितलं होतं ते चोरून केलं. आणि तुमच्यासमोर नाव तिचं घेतलं.

नर्सबाई फटकळ म्हणून ओळखल्या जायच्या. मिस्त्री त्याचीच वाट बघत होता. पण त्या कुलूप हातात धरून पायरीवर बसल्या.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "मी किती घरांत सांगितलं, मिस्त्री. जिथं जिथं गेले तिथं सांगितलं, त्या पोरीच्या हातात गाडी देऊ नका म्हणून. लोकांनी गाडीचं विचारलं की मी तेच सांगायचे."

"किती घरं असतील?"

"कुणाला माहीत. तीस-चाळीस. तीन महिने फिरतेय मी."

मिस्त्रीनं खिशातून तो चष्म्याच्या दुकानाचा कागद काढला. एका बाजूला सात गाड्या होत्या, लेकीच्या अक्षरात. त्यानं तो उलटा केला, बाईंच्या शेजारी पायरीवर टेकला आणि पेन्सिलीला थुंकी लावली.

"सांगा," तो म्हणाला. "सावकाश सांगा, मला लिहायला वेळ लागतो."